पंप कंपनीचा फोन

नल्लकुंट्याच्या आमच्या बिल्डिंगमधे कालपासून पाणी नव्हतं. मेकॅनिक पंपाचं ऑइल बदलून गेला. पंप परत बोअरमधे सोडायला घरमालक भगवंतरावांनी आम्हालाच दोराला जुंपलं आणि वर शिव्या घातल्या.

"हौले हो का रे, बिनडोक कुठले? दोर सुटला तर एकेकाला बोअरमधे ढकलीन!"

तेवढ्यात त्यांचा नवाकोरा फोन पहिल्यांदाच वाजला. किती वर्षं नंबर लावून परवा आला होता. दिसेल त्याला, अगदी मेकॅनिकलाही, फोनचा नंबर देऊन झाला होता. दोर सोडून आधी भगवंतराव पळाले, मागोमाग आम्ही सगळे. दोराचं शेपूट सर्रकन बोअरमधे गेलं.

"कोण मेलंय तिकडं?" रिसीव्हरमधे भगवंतराव गरजले.

"नमस्ते सर, पंप कंपनी से बोल रही हूँ. ऑइल बदल दिए ना? पंप आराम से नीचे गया?"