चुन्याची खूण

किन्हीराजा गावच्या बबनरावांनी गवत कापलं, तेव्हा शेजारचा धम्मपाल धुऱ्याच्या बांधावरून बोलला, "काका, गंजी रचाची घाई नका करू. अजून दोन उनं दाखवा त्याले."

बबनरावांच्या मनात पाल चुकचुकली. गवत वावरात उघडं पडलं तर फायदा कोणाचा? गोठ्यात चार जनावरं तर याच्याच! शिवाय ते खालवर करायला पुन्हा बाया लावा, मजुरी मोजा, आणि वाळलं की गंजी अर्धीच दिसणार. त्यांनी दमट गवतच रचून टाकलं. गंजी घराएवढी झाली.

पण ती रोज थोडी थोडी खाली बसू लागली. बबनरावांनी शेजारच्या निंबावर गंजीच्या उंचीला चुन्याची खूण केली. दुसऱ्या सकाळी गंजी खुणेच्या हातभर खाली! ते तडक धम्मपालच्या गोठ्यात शिरले. गव्हाणीत नुसतं सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा होता.

"माह्यं गवत कुठं लपवलं, सांग!"

 धम्मपाल त्यांना गंजीपाशी घेऊन आला. "हात घाला अंदर."

बबनरावांनी कोपरापर्यंत हात खुपसला आणि भाजल्यागत मागे ओढला. मुठीत आलेलं गवत काळं पडलं होतं, त्यातून वाफ निघत होती.

"दमट रचलं का गंजी आतून तापते, सडते, अन् मंग बसते," धम्मपाल म्हणाला. "चोर नाई आला कोनी."

बबनरावांनी मुठीतलं गवत हुंगलं. मग त्यांनी डोळे बारीक केले.

"अंदर गरम हाय हे तुले कसं मालूम? म्हंजे तू हात घातलाच व्हता!"