रंगमंचालगतचे टेबल

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी, सायंकाळी साडेसात वाजता, रिसॉर्टच्या जहाजासारख्या सजवलेल्या भोजनगृहात, रंगमंचाला अगदी खेटून असलेल्या टेबलावर ती नवऱ्यासोबत बसली. तिला शेंगदाण्याची जिवावर बेतणारी ॲलर्जी असल्यापायी येथे दर खेपेस दोघांना किचनच्या दाराशी, खांबाआड बसवत. तिचे वेगळे शिजवलेले ताट तेथेच मिळे. यंदा नवऱ्याने कुठेतरी शब्द टाकून ही जागा मिळवली, म्हणून ती हरखून गेली होती. रंगमंचावर समुद्री चाच्यांची लुटुपुटूची लढाई सुरू झाली आणि ताटे आली. पहिला घास घेण्यापूर्वी तिने सवयीने विचारले, “यात शेंगदाणा नाही ना?”

एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या वेटरने हातातला कागद पाहिला. “सॉसमध्ये आहे, मॅडम. पण या टेबलावर ॲलर्जीचं कुणी नाही, असं साहेबांनी सहीनिशी लिहून दिलंय.”

“अगं, सॉस तेवढा बाजूला सार की,” रंगमंचावरची नजर न काढता नवरा पुटपुटला. “त्या खांबाआडून डोंबल दिसतं.”

तिने ताट पुढे सारले, ॲलर्जीवरचे इंजेक्शन ठेवलेली पर्स उचलली आणि ती उभी राहिली.

“साहेबांनी बरोबर लिहिलंय,” ती वेटरला म्हणाली. “या टेबलावर ॲलर्जीचं कुणी नाही.”