भाऊंचा नायटा

नगरसेवक भाऊ सदरा काढून मसाजच्या टेबलावर पालथे पडले. पाठीवर बशीएवढा नायटा लालबुंद फुलला होता.

मी बाहेर येऊन मालकीणबाईंना म्हटलं, "मॅडम, नायटा लागतो. बरा होईपर्यंत मालिश नको."

"भाऊंना नाही म्हणतेस? नोकरी जड झाली का गं?"

याच मॅडमनी सकाळी अंगावर कोड असलेल्या शिक्षिकेला दारातूनच परत पाठवलं होतं. कोड कुणाला लागत नाही, पण बाई काही निवडून आलेल्या नव्हत्या.

घर माझ्याच पगारावर चालतं. गुमान पाठ चोळली.

काही दिवसांनी माझ्या मनगटावर तसाच गोल चट्टा उठला. मॅडम स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक. त्यांनी मला पायरीवरच थांबवलं.

"आता कामावर येऊ नकोस. भाऊंना तुझं लागलं म्हणजे?"