दहा वाजताची मोजणी

किनाऱ्यावर माणसं चार, बांधलेले अहवाल दोन, मोजायची फीत एक. खडक एकही नाही. जिथे तो असायला हवा होता तिथे पाण्यातून एका काठीचं टोक तेवढं वर आलं होतं.

“खडक कुठाय?” ठोंबरे सरांनी विचारलं.

“काठीखाली, सर,” जागृती म्हणाली. “पहिली चौकट तिथेच. बाकीच्या पाच आणखी खोलात.”

विभागाने एम.एस्सी.च्या दोघांना, तिला आणि निकेतला, हाच खडक आणि त्यावर आखलेल्या याच सहा चौकटी दिल्या होत्या. तीस दिवस खडकाला चिकटलेली कालवं मोजायची. जागृती ओहोटी बघून आली, कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि धारदार शिंपल्यांवर दोनदा पाय कापून घेतला. अहवालाच्या दुसऱ्या पानावर तिने नियमाप्रमाणे लिहिलं : ‘मोजणी माझी. इंग्रजी एआयकडून तपासून घेतलं.’ निकेतने आकडे, आलेख, निष्कर्ष सगळंच एआयकडून लिहून घेतलं आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. वर सरांना जाऊन सांगितलं, “सर, एआय वापरल्याचं तिने तर स्वतःच कबूल केलंय.” तिचे पंधरा गुण कापले गेले. समुद्रविज्ञान संस्थेतली उन्हाळ्याची एकुलती एक जागा निकेतला मिळाली. नाव आज संध्याकाळी कळवायचं होतं.

जागृती भांडली नाही. तिने त्याचा तक्ता वाचला. सकाळी दहा. तीसही दिवस, दहाच.

मग ती सरांकडे गेली. “एकदा फेरमोजणी घ्या, सर. दिवस मी सांगते, वेळ निकेतचीच घेऊ. त्याच्यावर अन्याय नको.” सरांना ते रास्त वाटलं. सर सोलापूरचे, निकेत पालीचा. दोघांच्याही अंगणातून समुद्र दिसत नव्हता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे जागृतीला नलूआत्याने चौथीत असताना शिकवलं होतं. तिने चतुर्दशी निवडली. चौदाची पाऊणपट साडेदहा.

ती आत्या आता कालवांची टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती. “काय रं बाला,” तिने निकेतला हाक मारली, “कालवां मोजाला आलास का पान्यान पवाला?”

निकेत हसला नाही. “सर, आज पाणी जास्त आहे. नंतर येऊ.”

“तू तर रोज दहालाच यायचास,” जागृती म्हणाली. “जा ना. पायाखालची वाट असेल.”

सरांनी निकेतचा अहवाल उघडला. मागच्या चतुर्दशीसमोर, सकाळी दहाला, पहिल्या चौकटीत ११८ कालवं होती. त्यांनी घड्याळ बघितलं, मग पाणी बघितलं.

“तुला हे माहीत होतं,” ते जागृतीला म्हणाले. “कॉलेजातच सांगायचंस. मला कळलं असतं.”

“तुम्हाला कळलं असतं, सर. तो भिजला नसता.”

सरांनी फीत निकेतच्या हातात दिली.

गुडघे, कंबर, मग छाती. काठीला धरून तो कसाबसा उभा राहिला. जागृती त्याच्यामागे कमरेभर पाण्यापर्यंत गेली.

“जागृती,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “सांभाळून घे ना यार. जागा तू घे. घरी अडचण आहे म्हणून मी सांगतो सरांना. आजच सांगतो.”

चार महिने तिला दुसरं काही नको होतं. एक लाट दोघांमधून निघून गेली.

“पूर्ण भरती व्हायला अजून वेळ आहे,” ती म्हणाली. “पाणी चढतंय. लवकर वाच. आणि मोठ्याने, सरांना ऐकू गेलं पाहिजे.”

त्याने फीत काठीला लावली, तळाशी टेकवली आणि आकडा वाचला. पहिल्यांदा तो नुसता पुटपुटला, म्हणून तिने तो परत वाचायला लावला.

सरांनी ११८ च्या शेजारी पेनाने लिहिलं : वेळ १०.०७. चौकटीवर पाणी १ मीटर ३४ सेंटीमीटर.