कोपऱ्यातली पाच बोटं

शाळेच्या अंगणात मुलांसाठी उन्हाने चित्रं छापायची स्पर्धा होती. खास कागदावर पानं मांडून तो उन्हात ठेवायचा, मग पाण्यात धुवायचा. पानांखाली पांढरं राहतं, बाकी सारं निळं होतं. बाबा गुडघे टेकून एकेक पान मांडत होते. "लांब हो बघू, हात लावू नकोस!" तरी कागद उन्हात असताना लेकीचा पंजा कोपऱ्यात टेकून राहिलाच. कागद धुतला, तर पानांशेजारी पाच इवली बोटं उमटलेली.

"लावलीस ना वाट?" बाबा करवादले.

बाईंनी पहिलं बक्षीस त्याच चित्राला दिलं. "इतक्या चित्रांत मुलांचा हात लागलाय तो फक्त ह्यालाच."

"सगळं तिनंच केलं हो!" कप छातीशी धरून बाबा फोटोला उभे राहिले.

लेकीने त्यांची बाही ओढली. "बाबा, आता लावू हात?"