चहाच्या डब्याखालचं फडकं

"या घराला माझं सुख बघवतच नाही! चहाचा डबा पुन्हा वरच्या मजल्यावर," जिना चढता चढता निनाद पुटपुटला.

शर्वरी ओट्याशी आलं किसत राहिली. निनादला हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर दोघांनी हे चालायला लावणारं घर घेतलं होतं. त्याची फडताळं भिंतीतून सरकायची आणि हवी ती वस्तू रोज लांब जाऊन बसायची. पण दिवाळीत भिंतीतली यंत्रं बंद पडली, दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. निनादला कळलं तर तो खुर्ची सोडायचा नाही, या धास्तीने शर्वरीच रोज पहाटे गुपचूप डबा वर नेऊन ठेवू लागली.

निनाद खाली आला. आता त्याला धाप लागत नसे. डबा तिच्या हातात देत तो म्हणाला, "उद्यापासून तू वर जाऊ नकोस."

"मी कशाला जाते? घर ठेवतं की!"

"घर दिवाळीपासून बंद आहे, शर्वरी. घराने कधी डब्याखाली धुतलेलं फडकं घातलं नव्हतं. तुझे गुडघे दुखतात. डबा मीच वर नेऊन ठेवीन, आणि मीच आणीन."