हिच्या मापाचे

दवाखान्याच्या गेटपाशी गर्भपाताविरुद्ध घोषणा देणाऱ्या घोळक्यातून एक आजी पुढे आल्या आणि त्यांनी माझ्या तळहातावर लोकरीचे इवलेसे मोजे ठेवले. "ज्याला पाडायला निघालीस ना, त्याच्यासाठी विणलेत. देवानं दिलेला जीव आहे, पोरी." त्यांच्यातला वकील म्हणाला, "जन्माआधीही बाळाला हक्क असतात. आम्ही त्यासाठीच कोर्टात भांडतोय." म्हटलं, भांडा बापडे. माझी नोकरी सुटली, नवरा त्याच्या आधीच पळाला. लेकीला सांभाळायला घरी कुणी नाही, म्हणून तिलाही सोबत आणलेलं. तिनं माझ्या हातातला मोजा ओढला, पायरीवर बसकण मारली आणि पुढून फाटलेला बूट काढून मोजा चढवायला लागली. तो अंगठ्यावरच अडला. "आई, होत नाहीये." माझं डोकंच फिरलं. "आजी, हिच्या मापाचे द्या." आजींनी भरगच्च पिशवी उपसली. "नाही गं," त्या म्हणाल्या, "आम्ही एवढ्याच मापाचे विणतो."